आजीकडे लेकराचा पहिला मुक्काम: तयारीपासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत

पहिला मुक्काम फसला की आपण म्हणतो, रात्री रडलं म्हणून फसला. खरं तर तो बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसहालाच फसलेला असतो. लेकरू गोठ्यात वासराला चारा भरवण्यात गुंग असतं आणि आई-बाप "आता रमलंय, चला पटकन" म्हणत मागच्या दाराने गाडी काढतात. दहाला त्याला झोप येते आणि ते आईला शोधायला लागतं. आधी ओटा, मग आतली खोली, मग मोरी. पुढे पहाटेपर्यंत काय होतं ते त्या आजीलाच विचारा.

हे सगळं साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलंय. आजी-आबा चोपडा, यावल, पारोळा, शिरपूर, शहादा अशा कुठल्या तालुक्यातल्या गावी, आणि तुम्ही जळगाव-धुळ्यात, असं गृहीत धरलंय. पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांनी एवढं करा: पहिल्या रात्री परत जाऊ नका. तासाभराच्या अंतरावर कोणाकडे तरी थांबा, मावशीकडे, मित्राकडे, नाहीतर लॉजवर. गरज पडली तर रात्री पोचता आलं पाहिजे.

## १. आधी तारीख ठरवा, मग बाकीचं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिला मुक्काम ठेवू नका. सगळ्यांत जास्त चूक होते ती इथे. माहेरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले, घरात पंधरा माणसं. अशात लेकरू राहील, रमेल असं वाटतं. दिवसभर रमतंही. पण रात्री त्याला एकट्याची आजी लागते, आणि त्या दिवशी आजी सगळ्यांची असते. शिवाय एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हाने आधीच किरकिर करणाऱ्या पोराला नवी जागा, नवी खाट, नवी माणसं एकदम देऊ नका.

कपाशी वेचणीचे दिवसही नकोत. आजी-आबा दिवसभर शेतात असतात, संध्याकाळी थकून येतात. चांगल्या बाजारभावाची वाट बघत एका खोलीत कापूस भरलेला असतो आणि पोरांना त्या ढिगावर उड्या मारायच्याच असतात. त्या खोलीत झोपवलं तर रात्रभर अंग खाजवत बसतं. मला विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी चांगला. फक्त थंडी चांगलीच असते, गोधडी जास्तीची लागते.

पुढच्यापैकी एकही गोष्ट चालू असेल तर महिना-दोन महिने थांबा: शाळा किंवा बालवाडी नुकतीच सुरू झालीय, घरात धाकटं भावंड आलंय, घर बदललंय, गेल्या आठवड्यात ताप येऊन गेलाय.

सावध: अंगावरचं दूध तोडण्यासाठी लेकराला आजीकडे ठेवायची जुनी रीत आहे. दूध आणि आई एकाच रात्री गेली की त्याच्या मनात आजीचं घर म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवून टाकता. दूध आधी सुटू द्या, मुक्काम नंतर.

## २. तीन तालमी, याच क्रमाने

पहिली तालीम तुमच्या घरी. आजी मुक्कामाला आली की दोन रात्री लेकराला तिलाच झोपवू द्या. तुम्ही घरातच राहा, पण त्या खोलीत जाऊ नका. दाराआडून "आई, त्याला कुशीवर वळवा" अशा सूचनाही देऊ नका.

दुसरी तालीम गावी, दुपारी. जेवण झाल्यावर आजीजवळ झोपवा आणि दोन तास बाहेर पडा. जाताना सांगून जा. जागं झाल्यावर तुम्ही तिथे नसलात तर बरं. आजीने तोंड धुऊन दिलं, खायला दिलं, मग तुम्ही आलात, असं झालं पाहिजे.

तिसरी तालीम गावी, रात्री. सगळेच मुक्कामाला, पण लेकरू आजीच्या अंथरुणात आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत. आपल्याकडे बहुतेकांच्या हातून हीच पायरी सुटते. गावी गेलं की सगळे एकाच खोलीत गाद्या टाकून ओळीने झोपतो, आणि मग म्हणतो, "राहिलाय की तो चार वेळा." तो तुमच्यासोबत राहिलाय. ते मोजायचं नाही.

याच तालमीत संडास बघून घ्या. घरी कमोडवर बसणाऱ्या मुलाला उकिडवं बसता येत नाही. ते धरून ठेवतं, पोट दुखतं, आणि रात्री रडायला लागलं की घरचे म्हणतात आईची आठवण येतेय. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर अंधार पडल्यावर एकदा तिथवर हात धरून घेऊन जा.

तपासा: तिसऱ्या तालमीत मूल रात्री जागं होऊन आजीनेच परत झोपवलं असेल तर तारीख पक्की करा. तुमच्याकडे पळत आलं असेल तर तीच तालीम पुन्हा.

## ३. आजीशी बोलणं, आणि ते कोणी बोलायचं

ज्यांचे आई-वडील, त्यांनीच बोलायचं. सासूबाईंना सुनेने "याला साखर देऊ नका, टीव्ही लावू नका" म्हटलं की साध्या सूचनेचाही वेगळा अर्थ निघतो. तीच गोष्ट लेकाने फोनवर सांगितली तर "बरं बाबा" म्हणून सुटते. यात कोणाचा कमीपणा नाही. काम होतंय ना, मग झालं.

बोलून झाल्यावर एक कागद लिहा. मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला, आणि भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावा. त्यात मुलाची दिनचर्या लिहीत बसू नका. ज्या बाईने तुम्हाला किंवा तुमच्या नवऱ्याला वाढवलं तिला लेकरू कधी जेवतं ते कळतं. तिला माहीत नसलेलं तेवढंच लिहा:

- त्याचे शब्द. आमच्या धाकटीचा "बुबू" म्हणजे पाणी, पण "बुबी" म्हणजे शू. रात्री दोनला हा फरक फार महागात पडतो.
- झोपताना काय लागतं: पाठीवर थोपटणं, केसांतून हात, की नुसतं शेजारी पडून राहणं.
- कशाला घाबरतं: मिक्सर, कुत्रं, अंधार.
- काय सोसत नाही. ॲलर्जी असेल तर लाल पेनाने.
- औषध कोणतं, किती, किती तासांनी.
- दोघांचे फोन नंबर, शेजारच्या घरातल्या एकाचा नंबर, आणि रुग्णवाहिकेचा १०८.

उलटही एक काम आहे. आजीचे शब्द लेकराला सांगून ठेवा. आजी अहिराणी बोलते आणि आपलं पोर शहरी मराठीत वाढलेलं असतं. "जपी जाय" म्हणजे झोप, "आठे ये" म्हणजे इकडे ये, "काय जयं?" म्हणजे काय झालं. आठवडाभर घरी खेळ म्हणून हे शब्द वापरा. अर्ध्या झोपेत ओळखीचा शब्द कानावर पडला की निम्मं रडू तिथेच थांबतं.

## ४. "काही लागलं तर फोन करा" असं म्हणू नका

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून वेगळी लिहिते. मोठ्याच्या पहिल्या मुक्कामाला मी निघताना हेच वाक्य बोलले. तो रात्री पावणेदोनला उठला. सासूबाई त्याला खांद्यावर टाकून ओट्यावर फेऱ्या मारत राहिल्या, मग पायरीवर बसल्या, आणि तांबडं फुटेपर्यंत तशाच बसून होत्या. फोन आत चार्जिंगला होता. सकाळी मी म्हटलं, "आई, उठवायचं होतं ना आम्हाला." त्या म्हणाल्या, "दमलेली असशील, म्हटलं काय उठवायचं." त्यांचा घसा बसला होता, मुलाचाही. पुढचे आठ महिने तो गावी राहायचं नाव काढू देत नव्हता.

आजी फोन करत नाही. आपल्याला एक लेकरू सांभाळता आलं नाही, असं तिला वाटून घ्यायचं नसतं. म्हणून फोन करावा की नाही हा प्रश्नच तिच्यापुढे ठेवू नका. ठरवून टाका: घड्याळ लावून अर्धा तास झाला आणि रडणं कमी होत नसेल, तर फोन करायचाच. आबांना सांगा, घड्याळ त्यांनी बघायचं. फोन उशाशी ठेवायचा, आवाज मोठा ठेवायचा.

आणि तुमच्या बाजूची तयारी: रात्री आणायला कोण जाणार, गाडी कोणाची, पेट्रोल आहे का. झोपेतलं पोर मोटारसायकलवर मध्ये बसवून रात्रीच्या रस्त्याने आणायचं नाही. चारचाकी नसेल तर दोघांनी जा आणि तिथेच उरलेली रात्र काढा.

## ५. घर बघून घ्या: गुडघ्यावर बसून

उभं राहून पाहिलेलं घर वेगळं आणि तीन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून दिसणारं वेगळं. दुपारी पोचलात की अर्धा तास यातच घालवा. आबांना सोबत घ्या, नाहीतर तपासणी आल्यासारखं वाटतं.

फवारणीचं औषध. खेड्यात सगळ्यांत मोठा धोका हा. कपाशीवरचं औषध उरतं, ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवलं जातं. मुलाला ती पिण्याची बाटली दिसते. औषध मूळ डब्यातच, कुलपात, शक्यतो घराबाहेरच्या खोलीत. रॉकेल, ॲसिड, उंदराचं औषध यांनाही हाच नियम.

आजी-आबांच्या गोळ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या उशाशी, खिडकीत, देवघरात असतात. त्यातली एखाद-दुसरी गोळीही लहान मुलाला धोक्याची ठरू शकते. एका डब्यात घालून कपाटावर. देवघरातला कापूरही वर. तो खडीसाखरेसारखा दिसतो आणि पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

पाणी. हौद, जमिनीतली टाकी, भरलेलं टीप (पिंप), बादली. लहान मूल बादलीत डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून उठता येत नाही. टाकीवर झाकण, बादल्या पालथ्या.

कुलर. पत्र्याच्या कुलरला करंट उतरू शकतो. अर्थिंग आहे का विचारा, आणि पाणी भरायच्या आधी पिन काढायची सवय आहे का तेही. नसेल तर त्या रात्री पंख्यावर भागवा. आणखी एक साधी गोष्ट: कुलरच्या घरघरीत मुलाचा हलका आवाज ऐकूच येत नाही.

बंगई, म्हणजे घरातला झोपाळा. झोपायच्या वेळी कड्यांतून काढून ठेवा किंवा वर बांधून टाका. फळीची कड बरोबर मुलांच्या कपाळाला लागते आणि बोटं साखळीत सापडतात.

गच्ची आणि जिना. गच्चीवर झोपायची हौस पुढच्या वर्षी. कठडा कमरेएवढा असला तरी त्याला टेकून खाट ठेवलेली असते, आणि खाटेवर उभं राहिलं की कठडा उरतच नाही.

अंथरूण भिंतीकडेच्या खाटेवर नको, खाली गादीवर करा. घालायच्या आधी गादी झटका, उशी उलटी करा, चपला उपड्या करून बघा. विंचू कुठे दबा धरून बसला असेल सांगता येत नाही. मच्छरदाणी असेल तर चारही बाजूंनी गादीखाली खोचा. मच्छर अगरबत्ती उशाशी नको.

## ६. पिशवी

नवं काही घेऊ नका, हा एकच नियम. नवे कपडे, नवी चादर, नवी बाहुली या सगळ्याला दुकानाचा वास असतो. लेकराची रोजची पांघरायची चादर न धुता घ्या. तुमची वापरलेली ओढणी किंवा जुन्या साडीचा तुकडा घ्या. रात्री त्याच्या मुठीत तेच असणार आहे.

बाकी: कपड्यांचे तीन जोड, रबरी कापड, छोटा झिरो बल्ब, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, नेहमीचं औषध. डायपर सुटला असला तरी एक रात्र लावायला हरकत नाही. आजी म्हणेल, एवढ्या मोठ्या पोराला कशाला. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं काही आजार नव्हे. पण परक्या घरी झालं आणि कोणी हसलं तर ते लक्षात राहतं.

सावध: तापाच्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. एकीत ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. तुमच्या बाटलीचं माप गावातल्या दुकानातून आणलेल्या बाटलीला लावलं तर डोस दुप्पट होऊ शकतो. म्हणून बाटली घरूनच द्या, डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं माप मोजणीच्या झाकणावर पेनाने रेघ ओढून दाखवा. ओआरएसही छोट्या आणि मोठ्या पाकिटात येतं. मोठं एक लिटरचं. पाकिटावर लिहिलेल्या मापापेक्षा कमी-जास्त पाण्यात कालवायचं नाही.

## ७. निघायची वेळ

दुपारी दोनच्या आत पोचा. गावात दुपारी सगळे आडवे होतात, लेकरूही झोपतं. त्याला साडेतीनला उठवा. पाचपर्यंत झोपू दिलं तर रात्री अकरापर्यंत टक्क जागं राहील आणि तोवर आजी पेंगायला लागलेली असेल.

उठल्यावर खाणं, मग तासभर तुमच्यासोबत आणि आजीसोबत मिळून एखादं काम. शेंगा सोलणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, काहीही. ते चालू असताना तुम्ही हळूहळू मागे सरका, आजी पुढे येऊ द्या.

दिवेलागणीच्या आधी निघा. अंधार पडताना माणूस दूर जाताना पाहणं मोठ्यांनाही जड जातं. क्रम असा:

1. लेकराच्या उंचीला बसा. "आम्ही आता जळगावला जातोय. तू आजीजवळ झोपणार."
2. परत येण्याची वेळ घड्याळात सांगू नका, कामात सांगा. "उद्या सकाळी तू दूध पिशील, आबांसोबत गाईला चारा टाकशील, मग आम्ही येऊ."
3. ओढणी त्याच्या हातात द्या.
4. आजीने त्याला कडेवर घ्यावं. तुम्ही त्याला आजीकडे "देऊ" नका; खेचल्यासारखं होतं.
5. एकच पापा, एकच टाटा, आणि निघा.

रडेल. धाकटी रडली तेव्हा आम्ही गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली गाडी थांबवून बसलो होतो. सात मिनिटांनी दिराने मेसेज केला: "शेव खातेय." पण त्या सात मिनिटांत परत फिरलो असतो तर तिला एवढंच कळलं असतं, की जोरात रडलं की गाडी वळते.

सावध: "दुकानातून येतो" म्हणून निघू नका. आणि रडणाऱ्या पोराला "रडलास तर आई येणार नाही", "बागुलबुवा घेऊन जाईल" असं कोणी म्हणायचं नाही, हे आधीच ठरवा. आत्या-काका गमतीत म्हणतात. रात्री तीच गंमत आठवते.

## ८. जेवण ते झोप

आजी वरण-बट्टी करणार, भरीत करणार, तूप ओतणार. ते उद्या दुपारी सगळे मिळून खाऊ म्हणावं. पहिल्या रात्री साधी खिचडी, नाहीतर दूध-भाकरी, आणि साडेसातच्या आत. शेवभाजीचा रस्सा चाखून बघायचा हट्ट पुरवला की रात्री पाणी-पाणी होतं, मग शू, मग जाग. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलाला खेळता-खेळता देऊ नका, घशात अडकतात.

आजी दृष्ट काढेल. काढू द्या. फक्त मिरच्यांचा धूर लेकराच्या तोंडावर नको.

नऊला व्हिडिओ कॉल करू नका. मी मोठ्याच्या वेळी तोही केला होता. तो आबांच्या मांडीवर गोष्ट ऐकत होता, माझा चेहरा दिसला आणि गोष्ट संपली. ख्यालीखुशाली मेसेजवर विचारा.

## ९. रात्री उठलं तर, आजीसाठी

1. दिवा लावू नका, झिरो बल्ब पुरे. उचलू नका. आधी नुसता आवाज द्या आणि पाठीवर हात ठेवा.
2. "आई कुठंय?" विचारलं तर खरं सांगा: "जळगावला झोपलीय. तू दूध प्यायलास की येणार."
3. पाणी, शू.
4. तरी थांबत नसेल तर कडेवर घेऊन ओट्यावर एक फेरी. मोबाइल नाही, टीव्ही नाही. ते लागलं की दोन तास झोप गेली.
5. अर्धा तास झाला की फोन. आई-बापाने फोनवर मुलाशी दोनच वाक्यं बोलायची, आणि "येतोय" म्हणाले तर खरंच निघायचं.

दुखण्याचं वेगळं. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर औषध आणि तुम्हाला फोन, अर्ध्या तासाची वाट न बघता. झटका आला, श्वास घ्यायला त्रास होतोय, विंचू किंवा साप चावला, कसलं औषध पोटात गेलं: आधी १०८ किंवा मिळेल ती गाडी, मग तुम्हाला फोन. विंचू उतरवायला कोणाकडे न्यायचं नाही. विषारी काही प्यायलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. ती बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. ग्रामीण रुग्णालय रात्री कुठलं उघडं असतं ते आबांना आधीच विचारून कागदावर लिहा.

## १०. सकाळ आणि त्यानंतरची संध्याकाळ

सांगितलेल्या वेळेला पोचा. दूध पिऊन चारा टाकून झाला आणि तुम्ही दोन तासांनी उगवलात, तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत नाही. लवकर पोचलात तर फाट्यावर चहा घ्या.

गेल्या-गेल्या "रडला का रे?" विचारू नका. "गाईने चारा खाल्ला का?" विचारा. रात्रीचा हिशोब आजीकडून घ्या, लेकरू बाजूला असताना. लगेच उचलून निघायचं नाही. दुपारचं जेवण, म्हणजे ती राहिलेली वरण-बट्टी, तिथेच.

घरी आल्यावर संध्याकाळी ते चिकटेल, हट्ट करेल, कदाचित अंथरूण ओलं करेल. दोन-तीन दिवस असं चालतं. "आजीने लाडावून ठेवलं" असं त्याच्यासमोर म्हणू नका.

अर्ध्या रात्री आणावं लागलं असेल तर महिनाभर विषय काढू नका आणि परत दुसऱ्या तालमीपासून सुरू करा. नीट पार पडलं असेल तर दुसरा मुक्काम तीन-चार आठवड्यांत ठेवा, तोही एकाच रात्रीचा. पहिला जमला म्हणून लगेच आठ दिवस ठेवणारे पुष्कळ आहेत. आणि न धुतलेली चादर घरी आल्यावरही लगेच धुवायला टाकू नका. आता तिला आजीच्या घराचा वास आहे, पुढच्या वेळी तो कामाला येतो.